पहिला गुण समोरच्याला

माझ्या सासऱ्यांबद्दल लालबागमध्ये कुणालाही विचारा, चांगलंच ऐकायला मिळेल. जयवंत घाडी, भिवाजी चाळीचे अप्पा, कबड्डीतला देवमाणूस. पूर्वी मलाही ते ऐकून बरं वाटायचं. लग्न करून गिरगावातून इथे आले तेव्हा मी माहेरी जाऊन सासऱ्यांच्याच गोष्टी सांगत बसायचे, इतकी की आई म्हणायची, अगं, नवऱ्याबद्दलही बोल जरा. आता कुणी 'देवमाणूस' म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. माणूस वाईट नाही, हे मीच पहिल्यांदा सांगेन. पण देवमाणूस वगैरे काही नाही.

अप्पांचं आयुष्य सांगायचं तर संघाची नावं सांगावी लागतात, कारण ते स्वतः वर्षं तशीच मोजतात. माझा नवरा राजेश 'गिरणीत असताना' झाला, आमचं लग्न 'बँकेत असताना' झालं. नव्या माणसाला वाटावं की अप्पा बँकेत होते. अप्पा कधीच बँकेत नव्हते. संघ तेव्हा बँकेच्या नावाने खेळत होता, इतकंच.

संघ काढला एकोणीसशे छप्पनमध्ये, चाळीतल्याच माणसांनी. नाव 'भिवाजी चाळ हुतुतू संघ'. तेव्हा खेळाचंही नाव वेगळं होतं बघा. अप्पा चार वर्षांचे होते. पुढे रुक्मिणी मिलने संघ आपल्याकडे घेतला आणि तो 'रुक्मिणी मिल क्रीडा मंडळ' झाला. संप झाला, गिरणी बंद पडली, गिरणीचं नाव लावण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा पोरांनी 'एकजूट क्रीडा मंडळ' असं नाव घेतलं आणि वर्गणी काढून कपडे शिवले. मग लोकसाथी सहकारी बँक आली. बँकेने हात आखडल्यावर शिखरदीप डेव्हलपर्स आले, म्हणजे आमचा बिल्डर. आणि दोन हजार एकोणीसमध्ये एका खासगी लीगने संघ उचलला, खेळाडूंसकट, इतिहासासकट. नाव ठेवलं 'मुंबई ब्लेझर्स'. निळ्या जर्सीवर छातीशी बारीक अक्षरांत 'स्थापना १९५६' असं छापलं होतं. ते वाचून अप्पांनी जर्सी डोळ्यांना लावली होती. मी हसले होते तेव्हा.

या सगळ्या नावांत अप्पा होतेच. आधी खेळाडू, मग कप्तान, मग प्रशिक्षक, आणि शेवटी मैदानावर फक्की मारणारा माणूस. मातीवर पांढऱ्या पावडरीच्या रेषा ओढायचं काम त्यांनी सत्तराव्या वर्षापर्यंत दुसऱ्याला करू दिलं नाही. संप झाल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, ती पंचवीस वर्षं केली, पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलत नाहीत. जणू त्या नोकरीला कुणी दुसराच जात होता.

आणि ब्लेझर्सच्या आधी कितीही नावं बदलली तरी संघाची एक रीत कधी बदलली नाही. पहिला गुण समोरच्याला.

कबड्डी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्याने समोरच्यांच्या अंगणात शिरल्यावर आतली 'निदान रेषा' ओलांडायची असते. कुणाला न शिवता आणि ती रेषा न ओलांडता तो परत आला, तर तो बाद आणि समोरच्यांना एक गुण. आमच्या संघाचा पहिला चढाईपटू प्रत्येक सामन्यात मुद्दाम तेच करायचा. मध्यरेषेपलीकडे दोन पावलं जायचा, वाकून मातीला हात लावायचा आणि परत यायचा. स्वतःहून हात वर करून बाहेर बसायचा. अंतिम सामना असो की गल्लीतला, आम्ही शून्य-एकनेच सुरुवात करायचो. सगळ्या गिरणगावाला हे माहीत होतं. पंच तर शिट्टी तोंडात धरून वाटच बघायचे.

का? तर पाहुण्यांचा मान. अप्पा एकोणीसशे ऐंशीमध्ये कप्तान झाले तेव्हा त्यांनी ही रीत घालून दिली, असं सगळे सांगायचे. त्यासाठी त्यांचा एकदा दादरच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला, खिलाडूवृत्तीबद्दल. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत होता. सत्कारात अप्पा दोन वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. लोकांना वाटलं, किती हा विनय.

माझा मुलगा वैभव याच चाळीच्या मातीत वाढला. तेविसाव्या वर्षी तो ब्लेझर्सच्या पहिल्या सातांत आला. आधीची दोन वर्षं तो राखीव होता. कोच हरयाणाचे, कडक. त्यांनी सांगितलं होतं, उपांत्य सामन्यात पहिली चढाई तूच करशील. लीगमध्ये तोवर पहिली चढाई बाहेरून आणलेले खेळाडू करायचे, त्यांना आमची रीत माहीतच नव्हती. एका सरकारी खात्यात खेळाडू कोट्यातून त्याची नोकरी जवळजवळ ठरत आली होती, मुलाखत तेवढी बाकी होती. राजेशची कंपनी सहा महिने बंद होती, मी दादरच्या शाळेत ऑफिसात. घरातल्या सगळ्यांचे डोळे त्या एका सामन्याकडे लागले होते.

सामन्याच्या सकाळी तो पाया पडायला वाकला तेव्हा अप्पा म्हणाले, "पहिली चढाई तुझी. ठावूक आसा मा काय करूचा ता?"

वैभव घुटमळला. "अप्पा, ती मॅट आहे. टीव्हीवर आहे. कोच मारून टाकतील."

"नाव बदलला म्हणान संघ बदलत नाय रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाणी, म्हणाले, "कर रे. अप्पांचा मान राख. एका गुणाने काय होतंय?"

हे मी म्हणाले. अप्पांवर चिडते तेव्हा माझं हे वाक्य मला आधी आठवतं.

वैभवने केलं. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दोन पावलं गेला, वाकून मॅटला हात लावला, परत आला. समालोचकाला काही कळेना. चाळीत टाळ्या पडल्या. पुढे तो वाघासारखा खेळला, अकरा गुण एकट्याने आणले. ब्लेझर्स एकतीस-बत्तीसने हरले.

कोचने शिव्या घातल्या, ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण चार दिवसांनी लीगकडून पत्र आलं आणि त्यात दुसरीच गोष्ट होती. मोबाइलवरच्या कुठल्याशा सट्ट्याच्या ॲपवर त्या दिवशी 'पहिला गुण कुणाला' यावर लालबाग-परळ भागातून खूप जणांनी पैसे लावले होते. सगळ्यांनी समोरच्या संघावर. लावणारच ना! घाडींचा वैभव पहिली चढाई करणार हे कळल्यावर आमच्या नाक्यावरच्या टवाळांना बसल्या जागी लॉटरी लागल्यासारखं झालं. चाळीस वर्षांची रीत सगळ्यांना पाठ होती. लीगच्या माणसांना ती माहीत नव्हती. त्यांच्या लेखी एका खेळाडूने ठरवून गुण सोडला होता आणि त्याच्या घराजवळच्या लोकांना ते आधीच कळलं होतं. याला काय म्हणतात ते आम्हालाही समजत होतं.

चौकशी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत झाली. तिघेजण बसले होते. प्रश्न विचारायचं काम मृणालिनी मॅडम नावाच्या वकीलबाईंकडे होतं. बाई चांगल्या होत्या, अप्पांना त्यांनी आधी पाणी दिलं. मी आणि वैभव मागे बसलो होतो.

"ही प्रथा कुठल्या संघाची आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या."

"आमच्या म्हणजे? संघाचं नाव सांगा."

अप्पांनी सगळी सहा नावं सांगितली, वर्षांसकट. एखाद्याने आपल्या सहा पिढ्या सांगाव्यात तशी. बाईंनी लिहून घेतली.

"आमच्या नोंदीप्रमाणे ब्लेझर्सची स्थापना दोन हजार एकोणीसची. आधीच्या संस्थांशी या कंपनीचा कायदेशीर संबंध नाही."

"मग जर्सीवर छप्पन लिवलाय ता?"

"ते ब्रँडिंग आहे, आजोबा."

अप्पांना तो शब्द कळला नसावा. त्यांनी मागे वळून वैभवकडे पाहिलं. वैभव जमिनीकडे बघत होता.

"बरं, प्रथा कशी सुरू झाली ते सांगू शकाल?" बाई म्हणाल्या. "काही लेखी असेल, कारण असेल, तर तुमच्या नातवाला त्याचा उपयोग होईल. कारण खरं वाटायला हवं. पाहुण्यांचा मान म्हणून कुणी चाळीस वर्षं गुण देत नाही."

अप्पांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग जे बोलले ते आम्ही घरात कधीही ऐकलेलं नव्हतं. माझ्या सासूबाई रखमाबाई, त्यांनीही ऐकलं नसेल. त्या जाऊन नऊ वर्षं झाली.

एकोणीसशे एकोणऐंशी. रुक्मिणी मिल विरुद्ध माझगावचा गोदी कामगारांचा संघ, अंतिम सामना. अप्पा तेव्हा गिरणीत बदली कामगार, रोज सकाळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम. घरी बायको आणि चार वर्षांचा राजेश. मॅनेजरने शब्द दिला होता की चषक आणलात तर जयवंतला कायम करतो. सामना संपायला काही क्षण उरले होते, आमचा संघ एका गुणाने पुढे आणि शेवटची चढाई अप्पांची. काही करायचं नव्हतं, फक्त निदान रेषा ओलांडून जिवंत परत यायचं. पण रेषेपलीकडे माझगावचा कप्तान बसला होता, धम्मपाल. त्याने एकदा घोटा धरला की सुटका नसायची. अप्पा घाबरले. रेषेवर पाय उचलल्यासारखं केलं आणि मागे फिरले. धम्मपालचा हात अप्पांच्या पायापर्यंत आला होता, तो त्याने मागे घेतला, कारण शिवल्यावर अप्पा निसटले असते तर वाचले असते, आणि आपल्या पोरांना ओरडून सांगितलं, "धरू नका, रेषा ओलांडलेली नाही, तो बाद आहे!"

फक्की पायांनी पुसली गेली होती. पंचांना नक्की दिसलं नव्हतं. तेव्हा गिरणगावात अशा वेळी पंच खेळाडूलाच विचारायचे, आणि खेळाडूचा शब्द शेवटचा. कुणी खोटं बोलायचं नाही, अशी पद्धतच होती. पंच म्हणाले, "जयवंत, ओलांडलीस?"

"मी म्हटलंय, ओलांडली," अप्पा म्हणाले. "मी बाद होतंय. सामना बरोबरीत गेलो असतो. जादा वेळेत त्येंनी आमका चिरडून टाकला असता."

धम्मपालने तक्रार केली नाही का, असं बाईंनी विचारलं. केली, अप्पा म्हणाले. पण पंच लालबागचे, कमिटी लालबागची, आणि माझगावची पोरं बहुतेक बौद्ध वस्तीतली. त्यांचं कोण ऐकून घेणार होतं? उलट त्यांच्याच माणसांनी धम्मपालला धरलं, हातातला पाय सोडलास कशाला म्हणून.

अप्पा कायम झाले. तीन वर्षांनी संप झाला आणि कायम-बदली सगळे एकाच रांगेत आले. पण त्याआधी, कप्तान झाल्यावर, त्यांनी ती रीत सुरू केली. घेतलेला गुण परत द्यायचा. कुणाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून पाहुण्यांचा मान असं नाव दिलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटलं असावं असं मला वाटतं. पण निकालात त्याचा काही उपयोग झाला नाही. प्रथा असो वा नसो, खेळाडूने ठरवून गुण दिला आणि ते बाहेर माहीत होतं, असं लिहून आलं. तीन वर्षांची बंदी. सरकारी खात्यातून मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही. त्या वर्षीच मालकाने संघ विकला आणि तो आता सुरतेचा म्हणून खेळतो, सातवं नाव. जर्सीवर छप्पन साल अजून आहे म्हणे.

निकाल आला त्या संध्याकाळी वैभवने अप्पांना एकच प्रश्न विचारला. मला वाटलं होतं तो ओरडेल, ताट फेकेल. तो शांतपणे समोर बसला आणि म्हणाला, "अप्पा, ते धम्मपाल. त्यांना कधी भेटलात?"

"नाय."

"एकदाही नाही?"

अप्पांनी मान हलवली. वैभव उठून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. जिममध्ये पोरांना व्यायाम शिकवायची नोकरी धरली, सकाळी जायचा, जेवायच्या वेळेला यायचा, अप्पा असतील त्या खोलीत बसायचा नाही.

मला मात्र तो प्रश्न पुरला. चाळीस वर्षं दर सामन्यात एक गुण द्यायचा, परळच्या संघाला द्यायचा, वरळीच्या, ठाण्याच्या, कुणाकुणाला, आणि ज्याचा घेतला त्याच्या दारात जायचं नाही! गुण देऊन देऊन या माणसाला वाटत राहिलं की फिटतंय. त्यात माझ्या पोराची तीन वर्षं गेली. मी अप्पांना हे तोंडावर बोलले. सासऱ्यांशी असं बोलायची मला सवय नाही, पण बोलले.

ते म्हणाले, "चल मगे. तू चल माझ्यावांगडा. एकट्याक माका जमाचा नाय."

जुन्या पंचांच्या ओळखीतून पत्ता मिळाला. एका रविवारी सकाळी आम्ही माझगावला गेलो. चर्चच्या मागची जुनी चाळ, दुसरा मजला. दार मीराबाईंनी उघडलं, धम्मपालांच्या पत्नी. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली एका टक्कल पडलेल्या माणसाचा फोटो, हार घातलेला. अप्पा दारातच थबकले. मला वाटतं त्यांना तो चेहरा लगेच ओळखता आला.

"पाच वर्षं झाली," मीराबाई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

अप्पांनी नाव सांगितलं. त्यांना नावावरून काही कळलं नाही. रुक्मिणी मिल म्हटल्यावर कळलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि आम्हालाही बसा म्हणाल्या. अप्पांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, पंचांनी विचारलं काय आणि आपण बोललो काय ते. मालवणी विसरून, अडखळत, शाळेतल्या मुलासारखं.

मग मीराबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांना बरोबर दिसलं होतं?"

"हो."

"रेषा ओलांडली नव्हती?"

"नव्हती. वीतभर अलीकडे होता पाय. त्यांना अगदी बरोबर दिसलं."

मीराबाई फोटोकडे बघत राहिल्या. "सगळे म्हणायचे, हातात आलेला पाय सोडला. ते आधी भांडायचे. मग भांडायचे थांबले. म्हणायला लागले, माझेच डोळे फसले असतील. दोनदा डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत, चष्मासुद्धा नको. तरी पटलं नाही. गोदी सुटल्यावर रे रोडला लाकडाच्या वखारीत होते, तिथे फळी मापायची असली की दुसऱ्याला हाक मारायचे. तू बघ रे, माझं चुकतं. पोरगी चौथीत होती, गणितं तपासून दे म्हणायची, तर म्हणायचे आईला दाखव. इतकं."

मी कुठे बघावं ते मला कळेना.

अप्पा म्हणाले, "मी तो गुण प्रत्येक सामन्यात परत देत होतो, बाई. चाळीस वर्षं."

"कुणाला?"

"परळच्या संघाला... वरळीच्या..." अप्पा सांगू लागले.

"आमचा संघ तर पुढच्या वर्षीच मोडला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "लालबाग काय लांब आहे हो? चालत निघालात तरी तासाभरात येता. गुण नको होता त्यांना. एवढंच येऊन सांगायचं होतं, तुझे डोळे चांगले आहेत."

अप्पांनी हात जोडले. मीराबाईंनी ते पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि मुलीला लावला.

"प्रिती? अगं, ऐक. बाबांना बरोबर दिसलं होतं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"तो पाय. तो लालबागचा. बाबांना बरोबर दिसलं होतं गं." मग त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि रडता रडता तेच वाक्य पुन्हा पुन्हा मुलीला सांगत राहिल्या. आमच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून मी अप्पांचा हात धरला आणि आम्ही दार ओढून घेऊन खाली उतरलो.